भिंत ठोकून बघू नका, ॲटिकमध्ये चढा

फ्लोरिडात नवीन आलेलं मराठी कुटुंब घर बघायला गेलं की आत शिरल्या शिरल्या कुणीतरी भिंतीवर टकटक करतंच. आवाज पोकळ आला की नवरा-बायको एकमेकांकडे बघतात. बरोबर भारतातून आलेले सासरे असतील तर ते तिथल्या तिथे निकाल देतात, "हे काय घर आहे? खोका आहे नुसता!" गंमत अशी की पक्क्या काँक्रीट ब्लॉकच्या घरातही आतून टकटक केली तर पोकळच वाजतं. ब्लॉकवर आतल्या बाजूने लाकडी पट्ट्या मारून त्यावर ड्रायवॉल (जिप्समचे पातळ तक्ते) चढवलेली असते. तेव्हा ही परीक्षा पहिल्याच पेपरात नापास.

मी टँपाच्या बाजूला राहते. 1 जूनला वादळांचा मोसम सुरू झाला की आमच्या मित्रमंडळींत हा वाद ठरल्यासारखा निघतो: लाकडाचं घ्यावं की ब्लॉकचं? माझं मत आधीच सांगून टाकते. बाकी सगळं सारखं असेल तर ब्लॉकचं घ्या. पण बाकी सगळं सारखं कधीच नसतं, आणि आपली माणसं भिंतीपाशी इतकी अडकून बसतात की वर मान करून बघायचंच राहून जातं. 2005 सालचं नीट बांधलेलं लाकडी घर आणि 1978 सालचं, छपराला कुणी हात न लावलेलं ब्लॉकचं घर समोर ठेवलंत, तर मी लाकडी घेईन.

ब्लॉकची बाजू आधी मांडते, कारण ती खरंच भक्कम आहे. इथे लिस्टिंगमध्ये 'सीबीएस' लिहिलेलं असतं ते हेच. आठ इंची पोकळ ब्लॉक, कोपऱ्यांत आणि दारं-खिडक्यांच्या दोन्ही बाजूंच्या पोकळ्यांत सळई टाकून काँक्रीट भरलेलं, वरून सगळ्या भिंतींना बांधून टाकणारी काँक्रीटची तुळई, बाहेरून स्टकोचा गिलावा. वाऱ्याने उडत आलेली फळी अशा भिंतीतून आत येत नाही. लाकडी सांगाडा, त्यावर ओएसबीचे (लाकडाचे तुकडे दाबून केलेले) पातळ तक्ते आणि बाहेरून व्हिनाइल म्हणजे प्लास्टिकच्या पट्ट्या, अशा भिंतीबद्दल ती खात्री देता येत नाही. इन्शुरन्सवाल्यांनाही हे ठाऊक आहे. तेच आकारमान, तोच भाग, तरी लाकडी घराचा प्रीमियम जास्त येतो. शिवाय वाळवी. फ्लोरिडाची दमट हवा आणि वाळवी यांचं जे मेतकूट आहे त्यात लाकडी भिंत ही आयती पंगत. (ब्लॉकवाल्यांनी फार हसू नये, तुमच्याही छपराचे ट्रस, म्हणजे छपराला धरणारे त्रिकोणी सांगाडे, लाकडाचेच आहेत.)

आणि हाच तो मुद्दा. इथे भिंत कशाचीही असो, छप्पर लाकडाचंच. आपल्याकडे ब्लॉक म्हटलं की डोळ्यांसमोर वर आरसीसी स्लॅब येतो. इथे ब्लॉकच्या भिंतीवर लाकडी ट्रस, त्यावर प्लायवूड किंवा ओएसबी, आणि वर शिंगल (डांबरी चपट्या तुकड्यांचं आच्छादन) नाहीतर कौल. म्हणजे दोन्ही घरांची टोपी एकाच कापडाची.

24 ऑगस्ट 1992 ला अँड्र्यू चक्रीवादळ मायामीच्या दक्षिणेला होमस्टेडवर आदळलं. पाचव्या श्रेणीचं वादळ, साठ हजारांवर घरं उद्ध्वस्त. नंतर जी पाहणी झाली त्यात निघालं काय? छपराचं प्लायवूड ट्रसवर नीट खिळ्यांनी ठोकण्याऐवजी स्टेपल मारून बसवलेलं, आणि त्यातले कितीतरी स्टेपल ट्रसला लागलेलेच नाहीत, बाजूने हवेत गेलेले. त्रिकोणी गेबल भिंतींना आतून तिरका आधार नाही. प्लायवूडचा एक तक्ता उडाला की आत पाऊस, आत वारा, मग शेजारचा तक्ता, मग छत भिजून खाली. त्या धक्क्यातून दक्षिण फ्लोरिडाचे नियम आधी कडक झाले आणि 1 मार्च 2002 पासून सगळ्या राज्याला एकच बिल्डिंग कोड लागू झाला. म्हणून घर बघताना मी पहिला प्रश्न विचारते तो भिंतीचा नाही, बांधकामाच्या सालाचा.

दुसरं काम म्हणजे ॲटिक, छत आणि छप्पर यांच्यामधली पोकळी. गॅरेजच्या छतात एक झाकण असतं, त्यातून शिडी लावून वर चढायचं. उन्हाळ्यात अकराच्या आत जा, नंतर तिथे भट्टी असते. अंगावर लांब बाह्या घाला, इन्सुलेशनचे तंतू टोचतात आणि खाज दिवसभर जात नाही. टॉर्च घेऊन कडेकडेने सरकत ट्रस जिथे भिंतीवर टेकतो तिथे बघा. तिथे नुसते तिरपे ठोकलेले खिळे असतील तर त्या छपराला वर ओढणाऱ्या वाऱ्यापुढे फारसा जीव नाही. गॅल्व्हनाइज्ड पट्टीचा तुकडा ट्रसच्या एका बाजूला ठोकलेला असेल तर ती क्लिप, बरी. पट्टी ट्रसच्या डोक्यावरून वळून पलीकडे उतरली असेल, अलीकडे निदान दोन आणि पलीकडे निदान एक खिळा असेल, तर तो रॅप, उत्तम. खिळे खरोखर मोजा. पलीकडचा एक खिळा मारायचा राहिला म्हणून रॅप क्लिपमध्ये जमा झाल्याचं आणि सवलत घटल्याचं मी आमच्याच ओळखीत पाहिलं आहे. मग मान वर करा. प्लायवूडमधून खाली आलेली खिळ्यांची टोकं ट्रसच्या बाजूला रांगेने चमकताना दिसली तर ठोकणाऱ्याचा नेम चुकला होता असं समजा. ते खिळे काहीच धरून ठेवत नाहीत.

वारा छप्पर दाबत नाही, उचलतो, हे डोक्यात बसायला आपल्याला वेळ लागतो. आणि वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ताशी 75 मैलांचं वादळ सहज झेललेलं घर 150 मैलांत टिकेलच असं म्हणण्यात काही अर्थ नाही.

खिडक्यांचं थोडक्यात. काच फुटली किंवा गॅरेजचं दार आत कलंडलं की वारा घरात घुसतो आणि छपराला आतूनही ढकलायला लागतो. बाहेरून ओढतोय, आतून ढकलतोय, तिथे भिंत कशाची आहे हे कोण विचारतं? वादळात उडत आलेल्या वस्तूंचा मार सोसणाऱ्या इम्पॅक्ट काचेची परीक्षा साधी आणि रानटी असते: चार किलोचा टू-बाय-फोर, म्हणजे लाकडाचा वासा, तोफेतून सेकंदाला 50 फूट वेगाने काचेवर मारतात. काच तडकली तरी चालते, वासा आरपार जाता कामा नये. एवढे पैसे नसतील तर शटर लावा. गॅरेजचं दार मात्र वादळासाठीचंच घ्या. ते घरातलं सगळ्यात मोठं भोक आहे आणि सगळे जण त्याच्याकडे फक्त रंग बघायला बघतात.

छपराची जोडणी, छपराचा आकार, दारं-खिडक्यांचं संरक्षण, हे सगळं तपासून जो 'विंड मिटिगेशन'चा रिपोर्ट मिळतो, त्यावर इन्शुरन्स कंपनीला कायद्याने सवलत द्यावी लागते. चारी बाजूंनी उतरतं हिप छप्पर असेल तर आणखी. या रिपोर्टसाठी विक्रेत्याच्या मागे लागा. स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटवर तासभर बोलणारे लोक हा कागद मागतही नाहीत. चक्रीवादळाचं डिडक्टिबल टक्क्यांत असतं हेही वाचा. चार लाख डॉलरच्या घराला दोन टक्के म्हणजे पहिले आठ हजार तुमच्या खिशातून.

आता पाणी. इथे ब्लॉकचा अभिमान पार धुऊन निघतो. सप्टेंबर 2024 मध्ये हेलीन वादळ आमच्यापासून दूर समुद्रातून उत्तरेला गेलं, वारा फारसा लागला नाही, पण खाडीचं पाणी सेंट पीटर्सबर्गच्या शोअर एकर्ससारख्या वस्त्यांत शिरलं. जुनी, बैठी, ब्लॉकची घरं. भिंतींना काही झालं नाही. आतली ड्रायवॉल, कपाटं, फ्रीज, गाद्या सगळं रस्त्यावर. घरासमोर कमरेएवढे ढिगारे, खाऱ्या चिखलाचा वास, आणि तेरा दिवसांनी मिल्टन हे दुसरं वादळ आलं तेव्हा हेच ढिगारे उडतील म्हणून सगळ्यांची झोप उडालेली. त्यात कितीतरी जणांना तेव्हा कळलं की घराच्या नेहमीच्या पॉलिसीत पूर येत नाही. तो विमा वेगळा, आणि सरकारी योजनेत घेतलात तर सहसा तीस दिवसांनी लागू होतो, म्हणजे वादळ टीव्हीवर दिसायला लागल्यावर धावण्यात हशील नाही. किनाऱ्यालगत मी खांबांवर उचललेलं लाकडी घर जमिनीवर बसलेल्या ब्लॉकपेक्षा वर ठेवीन, आणि दोन्हीपेक्षा वर आतल्या भागातलं, उंचावरचं साधं घर.

दुमजली घर बघणाऱ्यांसाठी एक: खाली ब्लॉक, वर लाकूड अशी सरमिसळ इथे सर्रास असते आणि बाहेरून स्टको एकसंध दिसतो. दोन्हींच्या सांध्यावर आडवी चीर आहे का बघा. पाणी तिथूनच आत जातं.

हे सगळं लिहायला बसले त्याला कारण आमच्या श्रीवर्धनच्या चुलतभावाचा फोन. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ तिथे आलं तेव्हा जांभ्याच्या भिंती बहुतेक ठिकाणी उभ्या राहिल्या, गेली ती कौलं आणि पत्रे. कौल तर नुसतं आपल्या वजनावर रिपेवर टेकलेलं, वाऱ्याने उचलायची खोटी. तेव्हापासून ज्याला परवडतं तो स्लॅब टाकतोय, आणि ते बरोबरही आहे. पण कोकणातला पाऊस स्लॅबला सोडत नाही. गळायला लागला की वर लोखंडी पाइप उभे करून पत्र्याची शेड येते. म्हणजे सगळ्यात उंचावर, चारी बाजूंनी उघडी, वाऱ्याला खालून हात घालायला मोकळी अशी वस्तू आपणच नेऊन बसवतो.

भावाची शेड पुढच्या महिन्यात उभी राहतेय. पाइप स्लॅबवर नुसते ठेवून बुडाशी सिमेंटचा गोळा लावणार होते. त्याला सांगितलंय, पाइपाखाली प्लेट घे, ती अँकर बोल्टने स्लॅबमधल्या कॉलमच्या डोक्यावर आवळ, पत्र्याला हूक-बोल्ट आणि वॉशर घाल, आणि कडेच्या रांगांत ते दुप्पट लाव, कारण पत्रा उडायला सुरुवात तिथूनच होते. फॅब्रिकेटर म्हणतोय खर्च वाढेल. वाढू दे म्हटलं, रंगात कमी कर.