थायमसची गाठ म्हणजे ‘वाढलेली प्रतिकारशक्ती’ नव्हे

सध्या एक मजकूर भराभर पुढे पाठवला जातोय. त्याचं म्हणणं असं: थायमस ही छातीतली, लहानपणापुरती ग्रंथी, तिच्यात गाठ झाली की प्रतिकारशक्ती नको तितकी वाढून शरीरावरच उलटते, आणि गाठ काढली की आजार संपतो. ज्यांच्या घरी मायस्थेनियाचा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या हल्ल्याने स्नायू दुबळे होण्याच्या आजाराचा, रुग्ण आहे ते यावर विसंबून औषधं सोडतील, अशी मला भीती वाटते.

‘लहानपणापुरती ग्रंथी.’ वय वाढतं तसा थायमस आक्रसतो, त्याची जागा चरबी घेते, इथवर ठीक. पण तो पूर्ण बंद पडत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात, थायमस काढलेल्या प्रौढांपैकी ८.१ टक्के पाच वर्षांत दगावले. छातीची तशीच शस्त्रक्रिया होऊनही थायमस शाबूत राहिलेल्यांत हे प्रमाण २.८ टक्के होतं.

‘प्रतिकारशक्ती वाढते.’ खरी गफलत इथे आहे. थायमसमध्ये टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, नुसत्या घडत नाहीत, त्यांची पारखही होते. ग्रंथीच्या गाभ्यातल्या काही पेशी ‘एअर’ या जनुकाच्या जोरावर शरीरभरच्या अवयवांची प्रथिनं तिथेच तयार करतात आणि टी पेशींपुढे ठेवतात. आपल्याच प्रथिनावर तुटून पडणारी टी पेशी तिथेच मारली जाते, किंवा इतरांना आवर घालणारी नियामक पेशी बनते. थायमोमा ही थायमसच्या अस्तरपेशींची गाठ; गाभ्यातल्या या पेशी त्यांतल्याच. बहुतेक थायमोमांमध्ये ‘एअर’चं काम जवळजवळ थांबलेलं असतं आणि गाभाही नीट घडत नाही. पुष्कळ गाठी टी पेशी मात्र बनवत राहतात. घडवणं चालू, पारख बंद.

अशा न पारखलेल्या पेशी रक्तात उतरतात. त्यांच्या चिथावणीने बी पेशी (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) स्नायूंवरच्या असिटिलकोलिन ग्राहकांविरुद्ध, म्हणजे मज्जातंतूचा संदेश टिपणाऱ्या प्रथिनांविरुद्ध, प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) तयार करतात. मग पापणी पडते, एकाचे दोन दिसतात, घास अडकतो. थायमोमाच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांना मायस्थेनिया ग्रेव्हिस होतो.

प्रतिकारशक्ती नुसती वाढलेली असती, तर रॉबर्ट गुड यांनी १९५४ साली नोंदवलेल्या प्रकाराचं काय? त्यात थायमोमा असलेल्या रुग्णाची प्रतिपिंडं घटतात आणि जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होतो. काहींच्या अस्थिमज्जेत तांबड्या पेशी बनणंच थांबतं. एकीकडे स्वतःवर हल्ला, दुसरीकडे जंतूंपुढे हतबलता, कधी कधी एकाच माणसात. हे बळ नव्हे, बिघाड आहे.

‘गाठ काढली की आजार संपतो.’ गाठ काढायलाच हवी, कारण ती आसपासच्या अवयवांत पसरू शकते, आणि अनेकांचा त्रास त्यानंतर कमीही होतो. पण आधीच बाहेर पडलेल्या टी पेशी वर्षानुवर्षं जगतात, प्रतिपिंडं बनत राहतात. काही जणांना तर मायस्थेनियाची पहिली लक्षणं शस्त्रक्रियेनंतर दिसतात. आणि मायस्थेनियात थायमस काढल्याचा फायदा दाखवणारी २०१६ सालची प्रसिद्ध चाचणी थायमोमा नसलेल्या रुग्णांवर झाली होती. तिचे निष्कर्ष गाठ असलेल्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत.

म्हणून शस्त्रक्रियेनंतर गोळ्या आपणहून बंद करू नका. त्या कधी आणि किती कमी करायच्या, हे मेंदूविकारतज्ज्ञ ठरवतील. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.