अनटच्ड जागेला हात कसा लावावा

तर मंडळी, महाबळेश्वरला जाऊन आलात, घाटात अडीच तास गाडीतच बसलात, वेण्णा लेकला बोटीच्या लायनीत उभे राहिलात, स्ट्रॉबेरी विथ क्रीमच्या लायनीत उभे राहिलात, टॉयलेटच्या लायनीत तर सगळ्यात जास्त, आणि परत येताना तुम्हाला साक्षात्कार झाला की इथे फार गर्दी असते. अभिनंदन. ती गर्दी बाकीच्यांची होती, तुम्ही फिरायला गेला होतात. हा फरक आत्ताच नीट समजून घ्या कारण पुढचा सगळा सल्ला त्याच्यावरच उभा आहे.

आता पुढच्या वेळी तुम्हाला ऑफबीट जागा हवीय. ऑफबीट म्हणजे जिथे तुमच्या ऑफिसातलं कोणी अजून गेलेलं नाही, पण जिथे गूगल मॅप पोचतो, चारचाकी दारापर्यंत जाते, टॉयलेट अटॅच्ड आणि वेस्टर्न आहे, रेंज आहे, आणि जेवणात पनीर मिळतं. यातली एक जरी अट चुकली तर ती जागा ऑफबीट राहत नाही, ती गैरसोय होते.

नाहीतर गर्दी नसलेल्या जागा आपल्याकडे ढिगाने पडल्यात हो. लोणार घ्या. उल्का आदळून बेसाल्टमधे झालेलं सरोवर, जगात अशी उदाहरणं बोटावर मोजण्याएवढी, जून २०२० मधे पाणी गुलाबी झालं तेव्हा तुम्हीच तो फोटो चार ग्रुपवर फॉरवर्ड केला होतात, त्याच वर्षी ते रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, पण जाणार कोण? बुलढाण्याला? निघोजला कुकडी नदीने हजारो वर्षं दगडगोटे गरागरा फिरवून पात्रात रांजणांएवढे खळगे कोरलेत, पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं, पण तिथे व्हाइब नाही म्हणे. नळदुर्गचा किल्ला तर हायवेला लागूनच आहे, पावसाळ्यात बंधाऱ्यावरून नर-मादी धबधबे पडतात, मधे पाणीमहाल, म्हणजे आत बसून बाहेर पाणी कोसळताना बघायची सोय आदिलशाहीतल्या लोकांनी करून ठेवलीय. पण सोलापूरच्या पलीकडे आपल्या लोकांची ट्रिप जात नाही, बदली जाते. म्हणून या जागा सोडून द्या. इथे खरंच कोणी नसतं, आणि कोणीच नसेल तर आपण इथे येऊन गेलो हे बघणार कोण.

योग्य पद्धत अशी की जिथे गर्दी झालीय तिच्या शेजारचं गाव पकडायचं. गोव्याला गर्दी झाली तेव्हा शहाणी माणसं गोकर्णला गेली, गोकर्ण भरल्यावर त्यांना वेंगुर्ल्याचा शोध लागला, आता ती भोगवे-निवतीच्या किनाऱ्यावर उभी राहून आधी इथे कोणीच नव्हतं असं एकमेकांना सांगतायत. हिमाचलात तेच, मनाली भरली म्हणून कसोल, कसोल भरलं म्हणून तोष, मग जिभी, मग थेट स्पिती. स्पितीत हिक्कीमला १९८३ पासून एक पोस्ट ऑफिस आहे, साधारण १४ हजार फुटांवर, थंडीत बर्फामुळे बंदच असतं. तिथे जाऊन रांगेत उभं राहून स्वतःलाच पोस्टकार्ड टाकायचं असतं. कार्ड घरी पोचेपर्यंत तुम्ही परत आलेले असता आणि ते तुम्हीच दारात घेता. घराशेजारचं पोस्ट कुठे आहे हे माहीत नसलं तरी चालतं. आणि उटी-कोडाईकॅनलचं नाव काढू नका, तिथे मे २०२४ पासून हायकोर्टाने ई-पास लावलाय, गाड्या मोजतात. अपमान आहे हा. आपल्याकडे मोजायचं ठरवलं तर मोजणाऱ्याची गाडीच खोपोलीला अडकून पडेल.

आता जरा सीझनचं बोलू, कारण निसर्गाचं टाइमटेबल तुमच्या लीव्हशी जुळवून घेणं महत्त्वाचं. मे संपता संपता भंडारदऱ्याच्या बाजूला, घाटघर रतनवाडी वगैरे पट्ट्यात काजवे येतात. हिरडा, बेहडा, सादडा, एकेक झाड पूर्णच्या पूर्ण पेटतं आणि विझतं, बघताना बोलायचं सुचत नाही माणसाला, हे मी गंमतीत नाही म्हणत. ते जे चमकतं ना ते त्यांचं लग्न जमवणं असतं. पाऊस जोरात लागायच्या आत सगळं उरकायचं असतं बिचाऱ्यांना, पूर्ण वाढ झालेल्या काजव्याचं आयुष्यच मुळात थोडक्या दिवसांचं. तर नर काजवा चमकून मादीला सांगत असतो की मी इथे आहे, आणि तुम्ही वीस फुटांवरून हायबीम मारून सांगायचं की आम्ही पण इथे आहोत. गाडी झाडाच्या जितकी जवळ घेता येईल तितकी घ्या. फोटोत काजवे येत नसतील तर फ्लॅश मारा. तरी येत नसतील तर एखादा बाटलीत भरा, मुलांना निसर्गाची ओळख व्हायला पाहिजे.

फेब्रुवारी-मार्चमधे कोकणात वेळासला कासवं असतात. हे नाना फडणवीसांचं गाव, खाडीच्या पलीकडून आलात तर बागमांडल्याहून फेरीबोटीत गाडी चढवून यावं लागतं, तेवढाच एक रील. ऑलिव्ह रिडलेच्या माद्या रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत शंभरेक अंडी घालून परत समुद्रात जातात. पूर्वी ती अंडी माणसं आणि कोल्हे-कुत्री मिळून फस्त करायचे. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावातल्या लोकांना बरोबर घेऊन काम सुरू केलं, अंडी उचलून कुंपणात पुरायची, राखण करायची, साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं वर येतात, ती समुद्राकडे तोंड करून सोडायची. सोडायची वेळ सकाळी लवकर आणि संध्याकाळी. आता इथेच व्यवस्थापनाचा भोंगळपणा दिसतो बघा. तुम्ही शनिवारी रात्री अकराला पोचलात, सकाळी साडेसहाला कोण उठणार? नाश्ता करून नऊ-साडेनऊला आरामात कासव बघू असा साधा हिशोब असतो माणसाचा. आणि बरं, उठून गेलात तरी अंड्यांच्या खड्ड्यावर झाकलेली टोपली उचलल्यावर खाली पिल्लू असेलच अशी गॅरंटी नाही! अशा वेळी राखण करणाऱ्या पोरालाच गाठून विचारायचं, आम्ही इतक्या लांबून आलोय, एखादं उकरून दाखवता येणार नाही का. आवाज चढवून विचारा. चेक-आउट अकराचं आहे हे पण सांगा, कासवांना माहीत नसतं.

जेवणाचं म्हणाल तर तिथे घराघरात सोय होते, आंबोळ्या, कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, नशीब असेल तर मोदक. तुम्ही चायनीज मिळेल का विचारायचं. घर कोकणस्थांचं असेल तर सुरमई मिळेल का विचारायचं आणि घर कोळ्यांचं असेल तर जैन.

आणखी एक हल्लीचं हॉट प्रकरण म्हणजे कातळशिल्पं. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याचे ते मोकळे उघडेबोडके माळ असतात ना त्यांच्यावर, हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी हत्ती, मासे, माणसं, काय काय कोरून ठेवलंय. कशेळीचा हत्ती १८ मीटरच्या आसपास लांब आहे आणि त्याच्या पोटात बाकीचे प्राणी कोरलेत. बारसू आहे, देवाचे गोठणे आहे. २०२२ मधे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत पण गेली ही ठिकाणं. आता तात्पुरतीच यादी आहे म्हणजे फार मनावर घ्यायचं कारण नाही, बूट घालूनच फिरा. अडचण एकच, जमिनीवर उभं राहिलं की हत्ती दिसत नाही, नुसत्या रेघा दिसतात. त्यामुळे हत्तीवर उभं राहूनच हत्ती कुठे आहे हो असं विचारायची प्रथा आहे. ज्यांनी कोरलं त्यांनी नाव लिहिलेलं नाही ही त्यांची चूक, तुम्ही ती करू नका, जांभ्यावर किल्लीने छान लिहिता येतं.

इथपर्यंत आलात तर आता माझंच सांगतो. माझं आजोळ राजापूर तालुक्यात. गावाचं नाव सांगणार नाही, एकदा सांगितलं होतं तेच अजून निस्तरतोय. २०१८ साली गणपतीला गेलो असताना खाडीचा एक फोटो टाकला, खाली लिहिलं हिडन जेम, आणि लोकेशन दिलं. दोनशे लाइक आले म्हणून मी खूष. दिवाळीत पहिली गाडी आली. मामा माणूस भिडस्त, रात्री पत्ता विचारत आलेल्यांना घरात घेतलं, जेवू घातलं, पैसे घेताना पण लाजला. पुढच्या वर्षी माळ्यावरच्या दोन खोल्या रंगवल्या, मग गोठा होता तिथे गुरं विकून दोन खोल्या काढल्या, खोट्या वेताच्या खुर्च्या आल्या, खाडीच्या वाटेवर कोणीतरी झोपाळा टांगला, फाट्यावर बोर्ड लागला, कोकणातलं मालदीव. मालदीवमधे कोणी मालदीवचं राजापूर असा बोर्ड लावल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आणि वस्तीची एसटी, जी आमच्या लहानपणापासून रात्री देवळापाशी मुक्कामाला असायची, ती आता वीकेंडला तिथपर्यंत येतच नाही, वळायला जागा नसते. सकाळी म्हातारी माणसं दवाखान्याला जायला फाट्यापर्यंत चालत जातात. तुम्हाला ती चालताना दिसली तर फोटो काढा, साधं जीवन म्हणून.

आणि पाणी. आमच्याकडे पाऊस पडतो तीन हजार मिलिमीटरच्या वर, पण जांभा पाणी धरून ठेवत नाही, सगळं झिरपून धावत समुद्राला, आणि एप्रिलमधे बायका कळशा घेऊन उभ्या. मामाची विहीर मे महिन्यात तळाला जाते, सकाळी जेवढं झिरेल तेवढं घरचं. अशा विहिरीवर आता तुमचे शॉवर आहेत. सकाळी एक, बीचवरून आल्यावर एक, झोपताना फ्रेश वाटावं म्हणून एक. राजापूरची गंगा, म्हणजे आपोआप वाहू लागणारे ते झरे, तीनेक वर्षांनी एकदा येते म्हणतात, तुम्ही दर वीकेंडला.

दोन वर्षांपूर्वी पुण्या-मुंबईकडचा एक ग्रुप आला होता, बारा-चौदा जण, सगळे शिकलेले. दुपारी मामा राजापूरला गेला होता, मामी माजघरात पडली होती. ही मंडळी पिण्याच्या विहिरीत उतरून पोहली. मस्त इनर ट्यूब बिब घेऊन. मामीचा मला फोन आला तो मी अजून विसरलो नाही. "साबण लावलानी रे बाबा विहिरीत. आता मी प्यायला काय देऊ माणसांना?" ती माणसं म्हणजे तेच पाहुणे हो, रात्रीचं जेवण त्यांचंच करायचं होतं! सगळा उपसा काढावा लागला, टँकरचे पैसे मामाने भरले. ग्रुपने रिव्ह्यू दिला, निसर्ग छान पण पाण्याची सोय करावी, तीन स्टार. मामाने तो रिव्ह्यू मला वाचून दाखवायला लावला आणि विचारलं, बाकीचे दोन कुठे मिळतात.

तुम्ही म्हणाल मग बंद करा ना. कसं करणार? गुरं विकली, कर्ज काढलं, मामेभाऊ मुंबईची नोकरी सोडून परत आला या खोल्यांच्या जिवावर. गावात पोरं थांबायला लागली ती पण याच्यामुळेच, हे पण खरं आहे आणि ते मला नीट कुठल्या खान्यात टाकायचं कळत नाही, त्यामुळे पुढे जातो.

यंदा मे महिन्यात मामाकडे सगळ्या खोल्या फुल्ल, मामा-मामीची स्वतःची खोली पण एका फॅमिलीला देऊन टाकली, विहीर तळाला. मामेभाऊ म्हणाला तुम्ही दोघं जरा जाऊन या कुठेतरी. तर ती दोघं आमच्याकडे डोंबिवलीला आली. आमची अर्धी सोसायटी कोकणात, उरलेली जिभीला. पार्किंग रिकामं, लिफ्ट लगेच येते, फडके रोडवर आडवं चालता येतं. मामी पहिल्या दिवशी सकाळी चहा घेऊन गॅलरीत बसली ती दहापर्यंत उठलीच नाही. नळ सोडून बघायची, बंद करायची, परत सोडून बघायची. मला म्हणाली, किती शांत आहे रे तुमच्याकडे, पक्ष्यांचा पण आवाज येतो. कबुतरं होती ती, पण मी काही बोललो नाही.

काल तिने गॅलरीतून फोटो काढून स्टेटसला ठेवला, खाली पत्ता टाकलान. देवरुखच्या तिच्या दोन बहिणी आणि एक नणंद रविवारच्या गाडीने निघतायत. फोनवर एवढंच विचारत होत्या, टॉयलेट वेस्टर्न आहे ना.