गव्हावर नको

दिवाळीच्या आठवड्यात पिठाच्या गिरणीत चकलीची भाजणी घेऊन उभ्या राहणाऱ्या बाईला स्वतःचं मत ठेवायची सोय नसते. रांगेतल्या सगळ्यांची मतं मात्र तिला फुकट मिळतात.

"तांदळावर दळा हं, गव्हावर नको," मी गिरणीवाल्याला सांगत होते. चक्कीत आधीचं पीठ उरतंच, आणि गव्हाच्या मागून भाजणी दळली की चकली चिवट होते. हे त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे, तरी तो "बघू ताई" म्हणाला. तेवढ्यात मागच्या काकूंनी माझ्या डब्यात हात घातला. विचारणं वगैरे नाही. चार दाणे चिमटीत धरून उजेडात पाहिले, एक डाळ दाताखाली फोडली आणि म्हणाल्या, "अंदाजाने केलेली दिसतेय."

"नाही हो काकू. चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक मूगडाळ, अर्धी उडीद..."

"थांब, माझ्याकडे नीट लिहिलेलं आहे." काकूंनी फोन काढला. अक्षरं एवढी मोठी, की एका वेळी दोनच शब्द दिसत होते. गिरणीच्या घरघराटावर आवाज चढवून त्यांनी वाचायला घेतलं, "तांदूळ धुऊन सावलीत वाळवावेत. डाळी वेगवेगळ्या भाजाव्यात, कारण प्रत्येक डाळीचा राग वेगळा."

हे वाक्य माझं आहे. एका पुरवणीत मी बरीच वर्षं पाककृती लिहायचे, तिथे हेच वाक्य कापलं गेलं होतं. दोनशे शब्दांत चकली बसवायची म्हटलं की 'कारण'पासून पुढचं सगळं जातं आणि 'मीठ चवीनुसार' तेवढं उरतं. त्या रागातच मी स्वतःचं स्वतः, इंटरनेटवर, हवं तेवढं लांबलचक लिहायला लागले. पैसे मिळत नाहीत. घरच्यांना फोटो होईपर्यंत ताटाला हात लावता येत नाही, त्यामुळे आमच्याकडे गरम पुरी कुणी खाल्लेली नाही. आणि तरी भेटेल तो म्हणतो, "मजा आहे बुवा तुमच्या घरी!"

"काकू, हे मी लिहिलंय!"

"काय?"

"मी! लिहिलंय!"

"हो हो, लिहून घे. पेन आहे का?"

मागची एक मुलगी पेन शोधू लागली. काकू पुढे सरकल्या, "मोहन कडकडीत, पाऊण वाटी."

"पाव! पाव वाटी! पाऊण घातलं तर चकली तेलात विरघळेल."

"अगं, लिहिणारी बाई अनुभवी आहे. आधी ऐकून तर घे."

आता चकलीवर कुणाची मालकी नसते, हे मलाही कळतं. तांदूळ आणि डाळीच्या यादीवर हक्क सांगायला मी काही वेडी नाही. पण कुणीतरी बसून माझा अख्खा लेख पुन्हा टाइप केलेला होता, त्याशिवाय पावाचा पाऊण झाला नसता. एवढी बोटं झिजवली, मग खाली माझं नाव लिहायलाच काय झालं होतं? नाव राहून गेलं असं म्हणावं, तर त्या जागी फुलांची चित्रं सापडतात. म्हणजे जागा होती!

भाजणी दळून झाली. कशावर दळली, ते गिरणीवाल्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. काकूंनी मात्र मायेने माझा नंबर घेतला आणि रात्री पाककृती आली. वर शीर्षक: 'आजीच्या जुन्या वहीतून'. माझ्या आजीचा चकलीशी संबंध फक्त खाण्यापुरता होता. करायची वेळ आली की ती शेजारणीला गाठायची.

मी लगेच उत्तर पाठवलं, "काकू, मोहन पाव वाटीच घाला, प्लीज."

काकूंनी अंगठा दाखवला.