पडेल प्रेमपट काढायचाय? ‘जीली’ला गुरू करा

साधा वाईट चित्रपट कोणीही काढतो. तुम्हाला वीस वर्षांनीही लोकांनी नाव काढावं इतकं आपटायचं असेल, तर आधी दिग्दर्शक चांगला गाठा. ‘जीली’ या २००३ च्या हॉलिवूडपटाचे दिग्दर्शक मार्टिन ब्रेस्ट यांच्या नावावर आधीच ‘बेव्हर्ली हिल्स कॉप’ होता, ‘सेंट ऑफ अ वुमन’ने तर अल पचिनोला ऑस्कर मिळवून दिलं होतं. नवख्याच्या हातून बारीकसारीक चुका होतात. एवढा घोळ घालायला जाणती माणसंच लागतात.

मग जोडी. पडद्यावर दोघांचं जमतं का, असल्या चौकशा करू नका. पडद्याबाहेर जमलंय का, तेवढं बघा. बेन अफ्लेक आणि जेनिफर लोपेझ ‘जीली’च्याच सेटवर जवळ आले, नोव्हेंबर २००२ मध्ये साखरपुडाही उरकला आणि मासिकांची मुखपृष्ठं त्यांनीच व्यापली. आता हातात गुन्हेगारीपट असला म्हणून बिघडलं कुठे? कापाकापी करा, नवे प्रसंग घ्या, शेवट बदला आणि वर रोमँटिक कॉमेडीची पाटी ठोका. प्रेम वाढवा म्हणून स्टुडिओने कसा धोशा लावला, ते अफ्लेकनेच पुढे सांगितलंय.

कथेचं फार मनावर घेऊ नका. सरकारी वकिलाच्या मतिमंद भावाला गुंडाने पळवायचं, गुंडावर नजर ठेवायला दुसरी गुंडीण धाडायची. आपल्याला बायकाच आवडतात हे तिने स्वच्छ सांगायचं आणि तरी त्याच्या प्रेमात पडायचं. कसं, ते विचारणारा प्रेक्षक अरसिक समजावा. प्रणय हवा ना? मग तिला योगासनं करायला लावा आणि आसनं करता करता स्त्रीदेह पुरुषदेहापेक्षा कसा सरस, यावर लांबलचक व्याख्यान द्यायला लावा. तो ऐकत बसेल. प्रेक्षकही बसतील, निदान तिकिटाचे पैसे आठवून. मध्येच ख्रिस्टोफर वॉकेनला पोलीस म्हणून आणा, एका प्रसंगात काहीबाही बोलू द्या आणि कायमचं घरी पाठवा. शेवटाकडे पचिनोने येऊन सगळ्यांदेखत एकाला गोळी घालावी. हलक्याफुलक्या प्रेमकथेत तेवढीच उणीव असते.

खर्चात मात्र हात आखडू नका. ‘जीली’वर सुमारे साडेसात कोटी डॉलर लागले आणि जगभरातून पाऊण कोटीही परत आले नाहीत. १ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेत दोन हजारांवर पडद्यांवर लागलेला चित्रपट तिसऱ्या आठवड्यात ७३ पडद्यांवर उरला. बक्षिसांची मात्र ददात पडणार नाही: सर्वांत वाईट चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी, पटकथा आणि जोडी, असे सहा रॅझी, म्हणजे वाईट चित्रपटांची टर उडवणारे पुरस्कार, एका झटक्यात. जोडीचं लग्नही लांबलं आणि जानेवारी २००४ मध्ये मोडलं, म्हणजे जिच्या जोरावर चित्रपट विकायचा, तीही शिल्लक राहिली नाही.

आणि नटाच्या भवितव्याची चिंता नको. ब्रेस्टने पुन्हा चित्रपट दिग्दर्शित केला नाही, पण अफ्लेक स्वतःच दिग्दर्शक झाला आणि त्याच्या ‘आर्गो’ने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर नेलं. दिग्दर्शनातलं बरंच काही तो म्हणे ब्रेस्टकडूनच शिकला, याच सेटवर.