'एक जागरूक कोल्हापूरकर' यांना उत्तर : गुंड्याची कातडी आणि आमची हौस

नमस्कार.

आमच्या गुंड्या नावाच्या कुत्र्याच्या कातडीला अँटिबायोटिकांना दाद न देणारा संसर्ग झाला आणि त्यावर शाम्पूचा उपचार चालू आहे, असा मागचा लेख होता. त्यावर बऱ्याच जणांनी लिहिलं, त्यांना तिथल्या तिथं उत्तरं दिली. तुमचं प्रकरण मात्र दोन ओळींत मिटण्यातलं नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितोय. ज्यांच्या नजरेतून सुटलं असेल त्यांच्यासाठी तुमचा मजकूर जसाच्या तसा :

"एका कुत्र्यापायी एवढं रामायण! तुमच्यासारखे हौशी लोकच कुत्र्यांना माणसांची अँटिबायोटिकं चारतात, न मरणारे जंतू तयार करतात आणि शेजारपाजारच्या पोराबाळांच्या जिवावर उठतात. आधी किती वेळा गोळ्या चारल्या ते बरं लिहिलं नाही! कल्चर टेस्ट म्हणजे लॅबवाल्यांचा धंदा. आमच्या गावाकडं जळकं ऑईल लावतात, आठ दिवसांत कुत्रं खडखडीत. आणि ते फोटो जेवताना बघवत नाहीत."

फोटोंचं तुमचं बरोबर आहे. पुवाळलेल्या पोटाचे फोटो लेखाच्या अगदी डोक्यावर नको होते. आता खाली नेलेत आणि वर सूचना टाकली आहे. कुणी योग्य ते सांगितलं तर मी ऐकतो, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे.

पण 'जिवावर उठतात' ही कुठली भाषा? आपली ओळख ना पाळख. कोल्हापूरकर रोखठोक असतो हे मान्य, पण तो समोर उभा राहून नाव सांगून बोलतो. तुम्ही नाव झाकून बोलताय आणि वर स्वतःला जागरूक म्हणवून घेताय. माझं नाव, फोटो, गल्ली सगळं या पानावर आहे. असो.

आता ते 'जंतू तयार करतात' वाक्य. मी गंगावेशीतल्या म्हशीवाल्या घरात वाढलो. पहाटे म्हशी कट्ट्यावर न्यायच्या, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि तालमीतली पोरं तिथंच उभ्यानं पेला रिकामा करायची. एखादीच्या कासेला दगडी (जंतूंमुळं येणारी सूज) झाली की डॉक्टर सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडायचे. मग डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या म्हशीचं दूध ओतून टाकायचं, हा वडिलांचा दंडक होता. एका सडाला औषध असलं तरी चारही सडांचं जायचं. घरात चणचण असताना आईला ते दूध मोरीत ओतताना मी पाहिलंय. जनावराला दिलेलं औषध माणसापर्यंत कसं पोचतं, हे मला त्या वयात कळलं होतं. 'हौशी' म्हणण्याआधी समोरच्याची पार्श्वभूमी तरी विचारायची.

आणि इतिहासच काढायचा तर नीट काढू. पेनिसिलिन १९२८ साली सापडलं. १९४५ साली नोबेल घेताना ते शोधणाऱ्या फ्लेमिंग यांनी स्वतःच बजावून ठेवलं होतं की औषध अपुरं दिलं तर जंतू मरायचे राहतील आणि उलट त्याला सरावतील. तसंच झालं. पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस या जंतूसाठी मेथिसिलिन बाजारात आलं आणि १९६१ सालीच इंग्लंडमध्ये त्यालाही न जुमानणारा जंतू सापडला. कुठं सापडला? माणसांच्या दवाखान्यांत. तेव्हा आमच्या गुंड्याचा खापरपणजोबाही जन्मला नव्हता.

गुंड्याच्या अंगावरचा जंतू त्याच कुळीतला, पण वेगळा. नाव लांबलचक आहे, स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस. ही जात वेगळी म्हणून ओळखली गेली २००५ साली. (त्याच साली भारतीय टपाल खात्यानं मुधोळ कुत्र्याचं तिकीट काढलं. गुंड्यात थोडं मुधोळचं रक्त आहे, म्हणून हा योगायोग माझ्या लक्षात राहिलाय.) हा जंतू कुणी कुत्र्याला चारत नाही. धडधाकट कुत्र्याच्या नाकात, तोंडात, गुदद्वाराशी तो असतोच. ॲलर्जी, पिसवा, केसांच्या मुळातले किडे, थायरॉईड अशा कशानं कातडी कमजोर झाली की तो आत शिरतो. मग फोड, खपल्या, कडेनं पापुद्रा सुटलेले गोल चट्टे. गुंड्याचे केस आखूड, त्यामुळं त्याची पाठ कसर लागलेल्या शालीसारखी दिसायची. गल्लीत सगळ्यांचं निदान एकच : "तांबडा रस्सा घालताय, गरम पडलं असणार!" रस्सा आम्ही घालत नाही, पण त्यांचा सूर तरी आपुलकीचा होता.

औषधाला सरावतो तो जंतू. त्याच्यात एक जनुक येतं, त्यामुळं पेनिसिलिन जिथं जाऊन चिकटतं ती जागाच बदलते. मग त्याच घराण्यातलं अमॉक्सिसिलिन द्या, सेफॅलेक्सिन द्या, सगळं पाण्यात. असे जंतू वाढायला अँटिबायोटिकचा वारेमाप वापर जबाबदार आहे हे मी नाकारत नाही. पण तो वापर करतं कोण? पावसाळ्यात घसा धरला की मेडिकलमधून ॲझिथ्रोची तीन गोळ्यांची पट्टी मागून घेणारे आपणच ना? सर्दी विषाणूची आणि गोळी जिवाणूची. २०१४ पासून कित्येक अँटिबायोटिकांसाठी दुकानदारानं चिठ्ठी बघून वेगळी नोंद ठेवायची असा नियम आहे, तुमच्याकडं कधी कुणी चिठ्ठी मागितली? कोंबड्यांना चारलं जाणारं कोलिस्टिन सरकारला २०१९ साली बंद करावं लागलं. माणसाला दुसरं काहीच लागू पडत नाही तेव्हा काढायचं ते औषध, आणि ते खुराड्यात जात होतं. त्यावर जागरूक कोल्हापूरकरांनी कुठं काही लिहिल्याचं मला तरी आढळलं नाही.

आणि मुख्य म्हणजे तुम्ही लेख वाचलेलाच नाही. वाचला असता तर कळलं असतं की गुंड्याला सध्या अँटिबायोटिकची एकही गोळी चालू नाही! कल्चर टेस्टच्या, म्हणजे जंतू वाढवून त्याला कुठलं औषध लागू पडतं ते बघायच्या तपासणीच्या, रिपोर्टमध्ये जवळजवळ प्रत्येक औषधापुढं 'आर' (दाद देत नाही) होता. 'एस' (लागू पडतं) होता तो अमिकासिन आणि क्लोरॅम्फेनिकॉलपुढं. पहिल्याचं इंजेक्शन मूत्रपिंडावर येऊ शकतं. दुसरं माणसाच्या अस्थिमज्जेला क्वचित, पण जिवावर बेतेल इतका धक्का देतं, म्हणून कुत्र्याला देणाऱ्यानंसुद्धा हातमोजे घालायचे असतात. व्हॅन्कोमायसिन आणि लिनेझोलिड माणसांसाठी राखून ठेवायची, त्याचा विषय काढायचा नाही, हे डॉक्टरांनी मी विचारायच्या आधीच सांगितलं. मग ठरलं ते शाम्पूवर. संसर्ग कातडीच्या वरच्या थरात असेल तर जंतू कितीही चिवट असला तरी आधी क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकानं धुणं हाच आज जगभर मानला जाणारा मार्ग आहे. गोळीतून रक्तात जेवढं औषध पोचतं त्याच्या कितीतरी पट जास्त तीव्रतेनं ते थेट कातडीवर बसतं.

तुमच्या माहितीसाठी, ही 'हौस' अशी असते. आठवड्यातून दोन-तीन वेळा गुंड्याला मोरीत उभा करायचा, कोमट पाण्यानं भिजवायचा, मग फेस काखेत, जांघेत, बोटांच्या बेचक्यांत, हनुवटीखालच्या वळीत पोचवायचा. आणि दहा मिनिटं थांबायचं. ही दहा मिनिटंच औषध, लगेच धुतलं तर नुसती आंघोळ. अर्ध्यात तो अंग झटकतो, चष्म्यावर फेस, भिंतीवर फेस. चाटू नये म्हणून एका हातात त्याचं तोंड. नंतर खळखळून धुवायचं आणि पंच्यानं कोरडं करायचं. आषाढात आपल्याकडं दोरीवरची चड्डी वाळत नाही, तिथं कुत्र्याच्या बेचक्या कधी वाळणार? ओल राहिली की पहिल्यापासून सुरू.

शेजारच्या पोराबाळांचं म्हणाल, तर आमच्याही घरात नातू आहे, काळजीचा मक्ता तुम्हालाच दिलेला नाही. हा जंतू प्रामुख्यानं कुत्र्याचा. माणसाला त्याचा त्रास क्वचित होतो, बहुधा उघड्या जखमेतून किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्याला. म्हणून हात साबणानं धुणं, स्वतःची जखम झाकणं, तोंड चाटू न देणं, त्याची चादर गरम पाण्यात वेगळी धुणं, हे सगळं आम्ही करतो. माणसांतला जो बदनाम भाऊ आहे, एमआरएसए (मेथिसिलिनला न जुमानणारा तो वरचा जंतू), तो तर पुष्कळदा माणसाकडूनच कुत्र्याला जातो. तेव्हा कोण कुणाच्या जिवावर उठलंय?

आधी किती वेळा गोळ्या दिल्या ते लिहिलं नाही, कारण लेख शाम्पूवर होता. त्या त्या वेळच्या डॉक्टरांनी लिहून दिलं ते आम्ही आणलं आणि दिलं. त्याचा हिशेब द्यायला मी कोर्टात उभा नाही. पुढं.

कल्चर टेस्ट धंदा असेल तर असू दे. डॉक्टरांनी आधी फोडातला पू काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि मग स्वॅब पाठवला. ऑक्सॅसिलिनपुढं 'आर' आला आणि त्या एका अक्षरानं पेनिसिलिनसारख्या औषधांचं अख्खं घराणं बाद झालं. त्या घराण्यातल्या गोळ्या टेस्टपेक्षा महाग पडल्या असत्या.

जळक्या ऑईलबद्दल लिहायचीसुद्धा माझी इच्छा नाही. लोक ते लावतात खरुजेला, म्हणजे किड्यांना. इथं प्रश्न जिवाणूचा आहे. कुत्रं ते चाटतं, आणि इंजिनातला सगळा गाळ, जड धातूंसकट, पोटात जातो. कातडी भाजते ती वेगळीच. आठ दिवसांत 'खडखडीत' झालेलं तुमच्या गावचं कुत्रं महिन्यानं कुठं होतं, तेवढं एकदा चौकशी करून सांगा. करंज तेल म्हणाला असतात तर निदान बोलता तरी आलं असतं.

यापुढं लिहायचं तर खुशाल लिहा, पण नावानिशी आणि लेख शेवटपर्यंत वाचून. नाव नसलेलं उत्तर मी छापणार नाही. इचलकरंजीच्या ताईंनी पावसाळ्यात पंजे कोरडे ठेवण्याबद्दल विचारलंय, त्यांना सवडीनं वेगळं लिहितो. त्यांनी विचारलं साध्या दोन ओळींत, आणि सुरुवातीला 'दादा' म्हणून.