‘इनव्हॅलिड इनपुट’ म्हणजे नेमकं काय चुकलं ते सांगा!

साठून साठून आता सहन होत नाही, म्हणून लिहितेय. ऑनलाइन फॉर्म बनवणारे, बनवून घेणारे आणि स्वतः एकदाही न भरता त्यावर मंजुरीची सही ठोकणारे, सगळ्यांसाठी आहे हे.

तालुक्याच्या ठिकाणी माझं फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. दाखले, शिष्यवृत्ती, ॲडमिशन, भरती, पेन्शन, विमा, केवायसी, जे येईल ते. जून उजाडला की शटर वर करायच्या आधीच पायरीवर माणसं बसलेली असतात. त्यातली कितीतरी घरी मोबाइलवर आधी झटून, हरून आलेली असतात. खुर्चीवर टेकायच्या आधी म्हणतात, "ताई, माझंच काहीतरी चुकत असेल. मला यातलं काही कळत नाही."

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. शिकलेला माणूस हेच म्हणतो, न शिकलेलाही हेच म्हणतो. शाळेतून रिटायर झालेले मुख्याध्यापक मान खाली घालून हे म्हणतात. अहो, तुमचं काही चुकत नाही! समोरची वस्तू वाईट बनवली आहे, आणि ती बनवणाऱ्याने आपलं पाप तुमच्या माथ्यावर मारलं आहे.

मागच्या जूनमधली एक मावशी माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मजुरीचा रोज बुडवून आलेली, मुलीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म, शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी. लांबलचक फॉर्म आम्ही दोघींनी बसून भरला. नाव, पत्ता, उत्पन्नाच्या दाखल्याचा नंबर, मार्कांची टक्केवारी, बँकेचा खाते क्रमांक दोनदा. तोही ठिपक्या-ठिपक्यांत, म्हणजे आपण काय टाइप केलं ते दिसू नये, आणि कॉपी-पेस्ट बंद. फोटो चढवला, सही चढवली, कॅप्चा भरला, सबमिट दाबलं. पान उडी मारून वर गेलं आणि वर लाल पट्टी: ‘इनव्हॅलिड इनपुट’, म्हणजे भरलेलं चुकीचं आहे. बस. कुठला रकाना? काय चुकलं? एकाही रकान्याला लाल कड नाही, खूण नाही, काही नाही. शिवाय चढवलेला फोटो गेला, सही गेली, खाते क्रमांक गेला, कॅप्चा नवा. मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, "माझ्या कागदात खोट हाय का गं?"

कागदात खोट नव्हती. पत्त्यात गट नंबर होता आणि गट नंबरात तिरकी रेघ होती. त्या रकान्याला तिरकी रेघ चालत नव्हती! सातबाऱ्याच्या राज्यात, जिथे अर्ध्या गावाचा पत्ता १४५/२/अ असा असतो, तिथे पत्त्याच्या रकान्यात तिरकी रेघ चालत नाही, आणि चालत नाही हे कुठेही लिहिलेलं नाही. मला ते कळलं कारण मी असले फॉर्म रोज भरते. घरी बसून भरणाऱ्या पोरीला ते कसं कळायचं? ती पाच वेळा तेच भरेल, पाच वेळा तोच लाल पट्टा बघेल आणि शिष्यवृत्ती सोडून देईल. खिडकीतला जुना कारकून कितीही खडूस असला तरी पेन्सिलीने गोल करून कागद परत द्यायचा, ‘इथे सही राहिली’ म्हणून. एवढंही यांच्याकडून होत नाही.

आणि हे काही नव्याने शोधून काढायचं नाहीये. जेकब नील्सन या माणसाने १९९४ साली स्क्रीन वापरायला सोपी कशी करावी याच्या दहा नियमांची यादी करून ठेवली, जगभर कॉम्प्युटरच्या कॉलेजांत ती शिकवतात. त्यात स्पष्ट आहे: चूक झाली तर साध्या भाषेत सांगा, नेमकं काय चुकलं ते सांगा, आणि कसं सुधारायचं तेही सांगा. त्याच्याही वरचा नियम, चूक होऊच नये अशी सोय आधी करा. पस्तिशीतल्या इंजिनिअरच्या लहानपणापासून हे नियम छापलेले आहेत. परीक्षेत यावर मार्क मिळवले असतील त्याने.

माणसाच्या माथ्यावर चूक मारायची ही खोड जुनी आहे, आणि ती खोटी असल्याचं दुसऱ्या महायुद्धातच सिद्ध झालं होतं. अमेरिकेची बी-१७ नावाची बॉम्बफेकी विमानं. धावपट्टीवर सुखरूप उतरल्यावर पायलट पंखांचे फ्लॅप्स, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, मिटायला जायचे आणि चुकून चाकंच आत घ्यायचे. विमान पोटावर आपटायचं. अहवालात काय? पायलटची चूक. अल्फोन्स चपॅनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये जाऊन पाहिलं तर दोन्हींचे खटके शेजारी-शेजारी आणि दिसायला सारखेच. त्याने चाकांच्या खटक्याला छोटं रबरी चाक लावलं, फ्लॅप्सच्या खटक्याला पाचरीचा आकार दिला. हात लावला की न बघता कळावं. पुढे १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी ‘पायलटची चूक’ म्हणून नोंदलेले ४६० प्रसंग तपासले, आणि पुन्हा पुन्हा तेच निघालं: एकसारखे खटके, भलत्या जागी लावलेले खटके. याच फिट्सने १९५४ मध्ये मोजून दाखवलं की नेम धरायची जागा जितकी लहान आणि लांब तितका हाताला वेळ जास्त लागतो, आणि घाई केली की नेम चुकतो.

आता माझ्या स्क्रीनवर या. ‘सबमिट’ आणि ‘रीसेट’ शेजारी-शेजारी, एकाच रंगात, एकाच मापात. मोबाइलवर दोन्हींच्या मध्ये नखाएवढी जागा नाही. कष्टाने जाड झालेला अंगठा ‘रीसेट’वर पडतो आणि तासाभराचं काम एका क्षणात पुसलं जातं, ‘नक्की पुसायचं का?’ एवढंही न विचारता. मुळात ते ‘रीसेट’ बटण हवंय कोणाला? सगळा फॉर्म भरून झाल्यावर सगळं पुसून टाकायची इच्छा झालेला एकही माणूस माझ्या दुकानात आजवर आलेला नाही. मग ठेवता कशाला ते?

जन्मतारखेचं कॅलेंडर तर चीड आणतं. उघडलं की आजचा महिना दाखवतं, आणि मागे जायला एक बाण, एका टिचकीला एक महिना. पासष्ट वर्षांच्या काकांना आपल्या जन्मापर्यंत पोचायला ७८० वेळा तो बाण दाबावा लागतो. हाताने तारीख लिहू द्यायची तर रकाना बंद. पेन्शनच्या फॉर्ममध्ये हे! ज्यांच्यासाठी फॉर्म आहे ती माणसं साठीच्या पुढचीच असणार, हे बनवणाऱ्याच्या डोक्यात एकदाही येऊ नये?

फोटो २० ते ५० केबीच्या मध्ये हवा. का? मोबाइल तीन-चार एमबीचा फोटो काढतो, तो लहान करणं कॉम्प्युटरला क्षणाचं काम आहे. पण ते त्यांनी करायचं नाही, म्हणून हजारो माणसं माझ्यासारखीच्या दारात येतात. हो, फोटोची साइज कमी करून द्यायचे मी पैसे घेते, माझं घर त्यावर चालतं, तरी सांगते, हे पैसे माणसांनी मला द्यायला लागूच नयेत. कट-कॉपी-पेस्ट ज्यांच्यामुळे आपल्याला मिळालं त्या लॅरी टेस्लरचं म्हणणं होतं की कामातली किचकट बाजू नाहीशी होत नाही, ती कोणीतरी उचलावीच लागते. प्रश्न एवढाच की बनवणाऱ्याने उचलायची की वापरणाऱ्याने. आपल्याकडे उत्तर ठरलेलं आहे. मजुरी बुडवून आलेल्या मावशीने उचलायची.

कागद शोधायला, चष्मा बदलायला, ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो मोबाइल घेऊन मुलगा शेतावर गेलाय त्याला फोन लावायला वेळ लागतो. तोवर ‘सेशन एक्सपायर्ड’, म्हणजे वेळ संपली. भरलेलं सगळं गेलं. सुरक्षेसाठी वेळ मर्यादित असेल, मान्य. पण वेबसाइट सगळ्यांना, अपंगांनाही, वापरता यावी यासाठी जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत त्यात लिहिलंय की वेळ संपण्याआधी माणसाला सावध करा, निदान २० सेकंद द्या, आणि एखादं बटण दाबून वेळ वाढवता येऊ द्या. फिकट पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं लिहू नका, साध्या मजकुरात अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणात ४.५ ला १ एवढा तरी फरक ठेवा, हेही त्यातच आहे. केंद्र सरकारने स्वतःच्या वेबसाइटांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती याच निकषांवर उभी आहेत. कागदावर सगळं आहे. स्क्रीनवर काही नाही.

पैसे भरायच्या पानावर तर माणसाचा जीवच टांगणीला लागतो. ‘रिफ्रेश करू नका, बॅक दाबू नका’ आणि मध्ये गोल गोल फिरतंय. एक सेकंदाच्या पुढे गेलं की माणसाला थांबल्याचं जाणवतं, दहा सेकंदांच्या पुढे गेलं की लक्ष तुटतं, म्हणून किती झालं आणि किती राहिलं ते दाखवावं, हेही जुनंच शहाणपण आहे. इथे मिनिटंच्या मिनिटं काहीच कळत नाही आणि मग पान कोरं. मोबाइलवर बँकेचा मेसेज, पैसे कट. फॉर्मवर ‘पेमेंट पेंडिंग’. काकांचा हात थरथरायला लागतो. पुन्हा भरू का? भरलं तर दोनदा जातील, नाही भरलं तर तारीख जाईल.

रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे: यूपीआयने दुकानदाराला भरलेले पैसे खात्यातून गेले आणि समोर पोचल्याची खात्री झाली नाही, तर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत, त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. एवढं एक वाक्य त्या कोऱ्या पानावर लिहिलं असतं तर काकांची रात्रीची झोप वाचली असती. १९७९ मध्ये अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत एक झडप उघडी अडकली होती, पण पॅनेलवर ती बंद दिसत होती. कारण पॅनेलवरचा दिवा झडप खरंच बंद झाली का ते दाखवतच नव्हता, बंद व्हायचा हुकूम गेला एवढंच दाखवत होता. भट्टीचा गाभा अर्धवट वितळला. आमचं ‘युवर रिक्वेस्ट हॅज बीन सबमिटेड’ त्याच जातीचं आहे. बटण दाबलं गेलं, एवढाच त्याचा अर्थ. अर्ज पोचला का, कोणाच्या टेबलावर गेला, देव जाणे.

आणि केवायसीत, म्हणजे ओळख पटवताना, करायचं ते चेहऱ्याचं स्कॅन! डोळे मिचकवा म्हणतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आजी मिचकवतायत, मिचकवतायत, ते मान्यच करत नाही. ज्यांना दिसत नाही, ॲसिड हल्ल्यात ज्यांच्या पापण्या गेल्या, त्यांनी काय करायचं? शेवटी अशा माणसांना सुप्रीम कोर्टात जावं लागलं, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी कोर्टाने सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, केवायसीला पर्याय द्या. डोळे मिचकावता येत नाहीत अशी माणसं या देशात आहेत हे सांगायला सुप्रीम कोर्ट लागतं.

कोणी म्हणेल, हे अवघड काम आहे, जमत नाही. खोटं आहे. पैसे काढून घ्यायचे असतात तेव्हा सगळं जमतं. तिकीट काढायला जा, विम्याच्या चौकटीत आधीच टिक केलेली असते. ‘हो, हवंय’ हे बटण मोठं, हिरवं, बरोबर अंगठ्याखाली. ‘नको’ हे बारीक राखाडी अक्षरांत कोपऱ्यात. वर्गणी सुरू करायला एक टिचकी, बंद करायला सतरा पानं. म्हणजे फिट्सचा नियम यांना पाठ आहे, रंगांचा फरक कळतो, माणसाचं लक्ष कुठे जातं तेही कळतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला असे १३ फसवे प्रकार नावानिशी सांगून त्यांवर बंदी घातली, तरी चालूच आहे. फसवताना वापरलेली हीच अक्कल शिष्यवृत्तीच्या फॉर्मला लावली असती तर?

परवा एका ठिकाणी मी रीतसर तक्रार लिहायला बसले. तक्रारीचा रकाना २५० अक्षरांचा. मराठीत लिहिलं, सबमिट केलं, तर म्हणे ‘विशेष चिन्हे चालणार नाहीत’. सगळी देवनागरी अक्षरं त्यांच्या लेखी विशेष चिन्हं! १९९१ पासून देवनागरी युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी ठरवलेल्या जगभरच्या अक्षरांच्या यादीत, आहे, हातातला स्वस्तातला मोबाइलही ती दाखवतो, आणि महाराष्ट्रातल्या माणसाची तक्रार घेणाऱ्या रकान्याला ती वाचता येत नाही. दुरुस्त करा तो रकाना. तिरकी रेघ चालू द्या, चुकलेल्या रकान्याला लाल कड द्या, भरलेलं पुसू नका, ते ‘रीसेट’ काढून टाका. एका इंजिनिअरचं आठवड्याचं काम आहे हे, आणि येत्या जूनच्या आत झालं पाहिजे.