फ्रीमाँटला शाळा शोधताय? आधी पट विचारा

दर उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच प्रश्न येतो. "फ्रीमाँटला मूव्ह होतोय, मुलगी केजीला जाणार, कुठली एलिमेंटरी बेस्ट?" की लगेच धडाधड ग्रेटस्कूल्सचे (मुख्यतः परीक्षेच्या मार्कांवरून शाळांना १ ते १० रेटिंग देणारी साइट) स्क्रीनशॉट. हिला ९, तिला १०, ती ६ वाली नको गं बाई. मी हसत नाहीये कोणाला, सात वर्षांपूर्वी मी स्वतः याची एक्सेल शीट केली होती, रंगबिरंग भरून.

आमचं झालं असं की थोरला १० वाल्या शाळेत लागला, मग तिथलं भाडं झेपेना म्हणून आम्ही तीन मैल इकडे सरकलो आणि, शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते म्हणून, धाकटी ६ वाल्या शाळेत गेली. त्यामुळे दोन्ही शाळा आतून बघितल्यात. नावं सांगणार नाही, उगाच वाद नकोत.

तर मुद्दा असा की स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणारं मंडळ, एकच आहे. टीचरचा पगार एकाच तक्त्यावरून ठरतो, पुस्तकं तीच, सुट्ट्या त्याच, लंचचा मेनूसुद्धा तोच (२०२२ पासून कॅलिफोर्नियात पब्लिक स्कूलच्या सगळ्याच मुलांना जेवण फुकट झालं आणि आमच्या घरचा पोळीभाजीचा डबा बंद पडला तो पडलाच). मग ६ आणि १० मध्ये फरक कशाचा? मला विचाराल तर बराचसा आपलाच, आईबापांचा. राज्याची परीक्षा तिसरीपासून असते, केजी ते दुसरी नसतेच, म्हणजे केजीच्या पोरीसाठी तुम्ही जो आकडा बघताय तो वरच्या वर्गातल्या दुसऱ्यांच्या पोरांचा आहे, आणि ती पोरं चौथ्या वर्षापासून कुमॉनच्या शिकवणीला जातायत त्याचं श्रेयही शाळेच्याच खात्यात जमा होतंय. रेटिंगवाले मुलांची प्रगती वगैरे पण धरतात म्हणे, पण स्क्रीनशॉटमध्ये दिसतो तो एकच आकडा.

थोरल्याच्या दुसरीच्या वर्गात मी व्हॉलंटियर म्हणून जायचे. एकदा हातच्याची वजाबाकी चालली होती. टीचरनी विचारलं कोणाकोणाला येतं, तर भराभर सगळे हात वर, कारण बाहेरच्या क्लासमध्ये सगळ्यांचं कधीच झालेलं. एकाने आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे बघितलं आणि मग हात वर केला. तो माझाच होता. घरी येऊन विचारलं तर म्हणाला, सगळ्यांना येतं ना आई. टीचर चांगल्याच होत्या हो, पण इतके हात वर असल्यावर त्यांना तरी काय कळणार.

धाकटीच्या शाळेत किडनीच्या आकाराचं एक टेबल आहे, आतल्या बाजूला टीचर आणि बाहेरून चार पोरं. रोज आळीपाळीने चौघांना जवळ घेऊन वाचून घेतात, कारण तिथे निम्म्या घरांत इंग्लिश बोलतच नाहीत, कोणी स्पॅनिश, कोणी तेलुगू, कोणी अफगाणांची दरी भाषा (फ्रीमाँटमध्ये अफगाण वस्ती बरीच आहे, सेंटरव्हिलच्या एका भागाला लिटल काबुलच म्हणतात). माझी पोरगी हल्ली मैत्रिणीला खुदा हाफिज म्हणते आणि सासूबाई चमकतात.

सगळं गोडच आहे असं नाही. १० वाल्या शाळेत पीटीएकडे (पालक-शिक्षक संघाकडे) पालकांचे चेक येतात, त्यातून आर्ट, सायन्स, बागकाम. इकडे पीटीए म्हणजे आम्ही सहा जणी आणि समोसे. उलट २०१३ पासून शाळांच्या निधीच्या राज्याच्या फॉर्म्युल्यात कमी उत्पन्नाच्या आणि इंग्लिश शिकणाऱ्या मुलांसाठी जास्तीचे पैसे मिळतात. त्यामुळे गरीब शाळा, श्रीमंत शाळा असं सरळ गणित बसत नाही.

आणि घर हवं तर मिशन सॅन होजेकडेच, असं हे मिशन साइड, मिशन साइड जे चालतं ना, त्यालाही इतिहास आहे. १९५६ साली सेंटरव्हिल, नाइल्स, अर्व्हिंग्टन, मिशन सॅन होजे आणि वॉर्म स्प्रिंग्ज अशी पाच गावं मिळून फ्रीमाँट झालं. शहर एक झालं पण वेशी काही गेल्या नाहीत. २००० च्या सुमारास वायबल एलिमेंटरीचा भाग मिशन हायस्कूलमधून काढून अर्व्हिंग्टनला जोडला तर काही पालक वेगळं डिस्ट्रिक्टच मागायला निघाले होते! घरांच्या किमती या वेशीवर ठरतात, शाळा कुठून निवडणार तुम्ही.

माझी आई सांगलीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, तेहतीस वर्षं. ती इथे आली तेव्हा मी मोठ्या हौसेने तिला माझी एक्सेल शीट दाखवली. तिने चष्मा लावून सगळी बघितली आणि म्हणाली, "अगं, पण वर्गाचा पट किती?" मला माहीत नव्हतं. "बाई किती वर्षं आहेत या शाळेत? दरवर्षी बदलतात का?" माहीत नाही. "बरं, संडास बघितलेस का?" मी गप्प. हे तीन कॉलम माझ्या शीटमध्ये नव्हतेच.

तेव्हा ग्रुपवर नवीन आलेल्या ताईंना माझं एवढंच सांगणं आहे, लीझवर सही करायच्या आधी पत्ता डिस्ट्रिक्टच्या स्कूल लोकेटरमध्ये टाका, कारण रस्त्याच्या अलीकडे एक शाळा आणि पलीकडे दुसरी असं इथे सर्रास असतं. मग ऑफिसला फोन करून विचारा की केजीला जागा आहे का, कारण वर्ग भरला असेल तर दारातली शाळा सोडून दुसरीकडे पाठवतात, त्याला ओव्हरलोड म्हणतात, आणि मग तुमचा तो १० चा आकडा राहतो लीझमध्ये आणि पोरगी जाते भलत्याच शाळेत. आणि फोन केलाच आहे तर पट पण विचारून घ्या. संडासाचं टूरच्या दिवशी बघा, पोराला शू लागली सांगायचं.